सुट्टीसाठी घरची कँडी आणि आईसक्रीम: फज रवाळ, आईसक्रीम बर्फाळ, चुकतं कुठे?

सायसाखर

पुढच्या पंधरवड्यात सुट्टीला घरी सगळे जमणार आहेत. लहानमोठे धरून अठरा जण. गोडाचं सगळं घरीच करायचं ठरवलंय: फज, मऊ कॅरॅमल, मुलांसाठी काडीवरच्या कडक गोळ्या आणि जेवणानंतर आईसक्रीम.

गेल्या सुट्टीतही हाच बेत होता आणि दोन्ही गोष्टी बिघडल्या. फज दाताखाली करकरत होता, जणू साखर विरघळलीच नव्हती. आईसक्रीममध्ये बर्फाचे पापुद्रे. मुलांनी खाल्लं, पण मला माहीत होतं ना कसं झालंय ते.

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. फजसाठी साखर, दूध आणि कोको एकत्र उकळलं, गोळी होतेय असं वाटल्यावर उतरवलं, लगेच लोणी घातलं आणि गार होईपर्यंत जोरजोरात घोटत राहिले. आईसक्रीमसाठी दूध, क्रीम, साखर मिसळून मोठ्या डब्यात ओतलं आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं, सकाळपर्यंत हात लावला नाही. साहित्य चांगलं होतं, माप बरोबर होतं. मग चुकतं कुठे?

निळी_बशी

रुमाल टाकून ठेवते. माझाही फज दर वेळी साखरतो.

गोळीबंद

सायसाखर, तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की उत्तर त्यातच आहे. जिथे थांबायचं होतं तिथे तुम्ही घोटलंत आणि जिथे घोटायचं होतं तिथे थांबलात.

आधी फज. पाक आटत जातो तसं त्यातलं पाणी कमी होतं आणि उकळण्याचं तापमान चढत जातं. म्हणून तापमान सांगितलं की पाकात साखर किती हे आपोआप कळतं. साधारण १०६ ते ११२ अंश सेल्सिअसला तार धरते. ११२ ते ११६ ला थेंब गार पाण्यात टाकला तर मऊ गोळी होते, त्या वेळी पाकात सुमारे ८५ टक्के साखर असते. १२१ ते १३० ला गोळी घट्ट होते. १४९ ते १५४ ला पाण्यात टाकलेला धागा कडकन तुटतो, म्हणजे पाणी जेमतेम १ टक्का उरलेलं असतं. फज ११४ ला, मऊ कॅरॅमल ११८ ते १२० ला, कडक गोळ्या १५० ला उतरवायच्या.

तुम्ही ११४ च्या आसपास उतरवला असणार, तिथवर सगळं ठीक. पुढे चूक झाली. इतक्या गरम पाकात घोटलं की साखरेचे थोडेच कण धरतात, आणि पाक पातळ, गरम असल्यामुळे त्या थोड्या कणांवरच बाकीची साखर येऊन बसत जाते. ते कण मोठे होतात. तेच तुमच्या दाताखाली आले. तोच पाक न हलवता ४५ ते ५० अंशांपर्यंत निवू दिला तर तो साखरेने तुडुंब भरलेला आणि दाट होतो. आता घोटलं की एकाच वेळी असंख्य कण धरतात, आणि दाटपणामुळे कुणालाच मोठं व्हायला वाव मिळत नाही. जीभ त्यांना ओळखत नाही, तिला नुसतं मऊ लागतं.

म्हणून ११४ ला उतरवा, लोणी वर नुसतं सोडा, ढवळू नका. पातेलं कुठेतरी ठेवून द्या जिथे कोणी धक्का मारणार नाही. तळहात बाहेरून टेकवता येईल इतकं निवलं की लाकडी उलथन्याने घोटायला घ्या. दहा-पंधरा मिनिटं लागतात. वरची चकाकी जाऊन पाक मॅट दिसायला लागला की त्याच क्षणी साच्यात. त्यानंतर अर्धा मिनिट उशीर केला तर पातेल्यातच बसतो.

माझं माप: साखर ४०० ग्रॅम, पूर्ण स्निग्धांशाचं दूध २०० मिली, लिक्विड ग्लुकोज २ मोठे चमचे, लोणी ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ. कोको हवा असेल तर ४० ग्रॅम, साखरेत कोरडाच मिसळून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

चिमूटभर

काकू, लिक्विड ग्लुकोज नसेल तर चालतं का? ते घालतात कशाला?

गोळीबंद

साखरेच्या कणांना एकमेकांत बसू न देण्यासाठी. साखर म्हणजे सगळे सारखे रेणू, रांग लावून पटापट बसतात. ग्लुकोज वेगळ्या आकाराचं, ते मध्येमध्ये घुसतं आणि रांग मोडतं. नसेल तर लिंबाचा रस अर्धा छोटा चमचा घाला, पाण्यातल्या पाकाला. आम्लामुळे काही साखर उकळताना ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि तेच काम होतं. दुधाच्या फजमध्ये मात्र लिंबू नको, दूध फाटेल.

आणखी एक. उकळी येण्याआधी साखर पूर्ण विरघळली पाहिजे, आणि पातेल्याच्या कडेला उडालेले साखरेचे कण ओल्या ब्रशने खाली पुसून घ्यायचे. किंवा उकळी आल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा, वाफच कडा धुऊन काढते. कडेचा एक कोरडा कण नंतर पाकात पडला तर तो सगळा पाक साखरवू शकतो.

कढईतळ

काकूंनी फजचं सांगितलं, मी आईसक्रीमचं सांगतो. गेली काही वर्षं दर आठवड्याला घरी आईसक्रीम करतोय आणि याबद्दल बोलायला मला कधीच कंटाळा येत नाही.

गोष्ट तीच आहे, फक्त साखरेच्या जागी बर्फ. मिश्रण साधारण उणे अडीच-तीन अंशांना गोठायला लागतं. मोठ्या डब्यात न हलवता ठेवलं तर गारवा कडेकडेने हळूहळू आत जातो, थोडे कण धरतात आणि तासन्‌तास वाढत राहतात. ते पापुद्रे. भराभर गार करत सतत हलवलं तर असंख्य बारीक कण होतात. साधारण ५० मायक्रॉनच्या आतले कण जिभेला जाणवत नाहीत.

फरक एवढाच की फजला आधी निववायचं आणि मग घोटायचं, आईसक्रीमला निववता निववताच घोटायचं.

हलवण्याचं दुसरं काम हवा भरणं. घरच्या यंत्रात घनफळ वीस ते चाळीस टक्के वाढतं, कारखान्यात ते दुप्पटही करतात. म्हणून घरचं आईसक्रीम जड आणि चवीला गच्च लागतं, आणि म्हणूनच फ्रीझरमधून काढल्यावर त्याला दहा मिनिटं बाहेर बसू द्यावं लागतं.

चिमूटभर

आमच्याकडे यंत्र नाही. 😔

कढईतळ

चिमूटभर, तीन वाटा आहेत.

पहिली सगळ्यात सोपी: ३५ टक्के स्निग्धांशाचं ५०० मिली क्रीम मऊ शिखरं येईपर्यंत फेटायचं आणि ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये हलक्या हाताने दुमडायचं. हवा आधीच भरलेली असल्याने फ्रीझरमध्ये हलवावं लागत नाही. डब्यावर स्निग्धांश वाचून घ्या, २५ टक्क्यांचं क्रीम कितीही फेटा, फुलत नाही. क्रीम, भांडं, फेटणी तिन्ही गार हवीत. हे आईसक्रीम मला जरा जास्त गोड वाटतं, म्हणून मी त्यात नेहमी मीठ किंवा कडवट कॉफी घालतो.

दुसरी: मिश्रण पसरट धातूच्या ट्रेमध्ये ठेवून दर अर्ध्या तासाने काढून कडा खरवडून फेटायचं, चार-पाच वेळा. मेहनत आहे, पण फळांच्या सॉर्बेला उत्तम.

तिसरी मुलं घरात असतील तर नक्की करा: बर्फ आणि मीठ. मोठ्या बादलीत कुटलेला बर्फ, त्याच्या चौथाई वजनाचं जाडं मीठ, मध्ये मिश्रणाचा धातूचा डबा. मिठामुळे बर्फाचा वितळणबिंदू खाली जातो. बर्फ वितळायला लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता, ग्रॅममागे सुमारे ३३४ जूल, तो डब्यातून ओढून घेतो. मीठ-बर्फाचं मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. घरच्या बादलीत उणे १२ ते १५ मिळतं आणि तेवढं पुरतं. हाताने फिरवायच्या यंत्राचं पेटंट नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंनी १८४३ मध्ये घेतलं, आत फिरणारं पातं आणि बाहेर मीठ-बर्फ. आजही तेच तत्त्व चालतं. डब्याचं झाकण घट्ट हवं, खारं पाणी आत गेलं तर सगळं वाया.

सायसाखर

काढईतळ, माफ करा, कढईतळ! आणि काकू, दोघांचेही मनापासून आभार. इतक्या वर्षांत मला कोणी हे "का" सांगितलंच नव्हतं. पाककृतीत फक्त "ढवळू नये" असं लिहिलेलं असतं.

माझ्याकडे गोठवायच्या भांड्याचं छोटं यंत्र आहे, गेल्या वेळी भांडं फ्रीझरमध्ये ठेवायला विसरले म्हणून वापरलं नव्हतं. मिश्रणाचं माप द्याल का? आणि अंड्याचं करू की बिनअंड्याचं?

कढईतळ

भांडं पूर्ण २४ तास, फ्रीझर उणे १८ वर. हलवून पाहा, आत पाणी खळखळतंय असं वाटलं तर अजून तयार नाही.

दूध ५०० मिली, क्रीम २५० मिली, साखर १५० ग्रॅम, दूध पावडर ३० ग्रॅम, अंड्याचे पिवळे ५. दूध, क्रीम, पावडर आणि अर्धी साखर गरम करा. पिवळे उरलेल्या साखरेबरोबर फेटा, त्यात गरम दूध थोडं थोडं घाला, परत मंद आचेवर ८२ ते ८४ अंशांपर्यंत सतत ढवळत न्या. चमच्याच्या पाठीवर थर बसतो, बोटाने ओढलेली रेघ तशीच राहते. ८५ च्या पुढे गेलं तर अंडं शिजून गुठळ्या होतात. लगेच गाळून बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा.

मग रात्रभर फ्रीजमध्ये. ही पायरी कृपा करून गाळू नका. दुधातला स्निग्धांश गारव्याने घट्ट होतो, प्रथिनं पाणी धरतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच मिश्रण यंत्रात निम्म्या कटकटीत आणि दुप्पट मऊ होतं. कोमट मिश्रण यंत्रात ओतलं की भांड्याचा गारवा ते निवण्यातच संपतो.

बिनअंड्याचं हवं तर पिवळ्यांऐवजी १५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून उकळत्या दुधात घाला, दोन मिनिटं शिजवा. दूध पावडर मात्र वाढवत नेऊ नका. जास्त झाली तर दुधातली साखर, लॅक्टोज, गोठल्यावर वेगळी होते आणि आईसक्रीम वाळूसारखं लागतं. हेही शेवटी स्फटिकांचंच काम.

निळी_बशी

एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे, कारण मुलं असणार आहेत. १५० अंशांचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी वाईट भाजतो. पाणी ओघळून जातं, पाक कातडीला चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. माझ्या हातावर तीन वर्षांपूर्वीचा डाग आहे. कॅरॅमलमध्ये फ्रीजमधलं गार क्रीम एकदम ओतलं आणि ते उसळून वर आलं.

क्रीम कोमट करून, बारीक धारेने, पातेलं निदान तिप्पट मोठं घेऊन. लांब बाह्या घाला. पाक चढलेला असताना मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका, ती नंतर कागद गुंडाळायला येऊ देत. भाजलंच तर नळाचं गार वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, लोणी नाही. फोड मोठा असेल, चेहऱ्यावर असेल किंवा मूल असेल तर सरळ डॉक्टर.

गोळीबंद

निळी_बशी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी बाजूला गार पाण्याचं मोठं भांडं नेहमी ठेवते.

थर्मामीटरबद्दल. आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा किती दाखवतो. समुद्रसपाटीला १०० असायला हवा. उंचीवर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी. तुमच्याकडे पाणी ९७ ला उकळत असेल तर फज १११ ला उतरवायचा, ११४ ला नाही. म्हणजे आकडा पाठ करण्यापेक्षा "पाण्याच्या वर १४" हे लक्षात ठेवा. मी पहिली कित्येक वर्षं थर्मामीटरशिवाय, गार पाण्याच्या वाटीवरच केलं. आजही दोन्ही करते. बोटाला कळतं ते काचेला उशिरा कळतं.

हवा दमट असेल तर कडक गोळ्या त्या दिवशी करू नका. साखर हवेतलं पाणी ओढते. करावंच लागलं तर एक-दोन अंश जास्त आटवा, थंड होताक्षणी एकेक गोळी कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात. आणि आंबट गोळी हवी असेल तर सायट्रिक आम्ल आच बंद करून पाक १३० च्या खाली आल्यावरच घाला. उकळताना घातलं तर साखर फुटत राहते आणि गोळ्या कधीच कोरड्या होत नाहीत.

कडक गोळीत एकही कण नको असतो, ती एक प्रकारची काचच. म्हणून तिला ग्लुकोज भरपूर, आणि उकळी आल्यापासून चमचा अजिबात नाही.

चिमूटभर

एक शंका. मला आईसक्रीममध्ये कॅरॅमलच्या रेघा आणि टॉफीचे तुकडे घालायचे आहेत. मागे मऊ कॅरॅमलचे तुकडे घातले होते तर दगड झाले. आणि टॉफी उलट विरघळून गेली!

कढईतळ

दोन्ही बरोबर झालं, निसर्गाप्रमाणे. 🙂 खायचं कॅरॅमल ११९ ला आटवलेलं, उणे १८ ला दगडच होणार. आईसक्रीमसाठी सॉस करा: २०० ग्रॅम साखर सोनेरी तांबूस होईपर्यंत, त्यात कोमट क्रीम २०० मिली, लोणी ५० ग्रॅम, ग्लुकोज ५० ग्रॅम, मीठ. एक उकळी, बस. पूर्ण गार झाल्यावर यंत्रातून काढलेल्या मऊ आईसक्रीममध्ये थर लावत घाला. ढवळलं तर रेघा राहत नाहीत, सगळंच तपकिरी होतं.

टॉफी आईसक्रीममधलं पाणी ओढून विरघळते. तुकडे वितळवलेल्या चॉकलेटमध्ये घोळवून गोठवून घ्या. चॉकलेटचा स्निग्धांश पाणी अडवतो.

निळी_बशी

टॉफीवर तेल सुटतं माझ्या. वर लोण्याचा तवंग.

गोळीबंद

आच एकदम वाढवली किंवा कमी केली की लोणी वेगळं होतं. मध्यम आच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच, आणि टॉफीला मात्र हळू पण सतत ढवळायचं. सुटलंच तर एक मोठा चमचा गरम पाणी घालून जपून ढवळा, बहुतेक वेळा परत एकत्र येते.

आणि कुणाचा फज साखरलाच तर टाकू नका. पातेल्यात एक कपभर पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवा, परत ११४ पर्यंत आटवा, परत निववा, परत घोटा.

सायसाखर

वेळापत्रक असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा. दहा दिवस आधी कडक गोळ्या. सहा दिवस आधी कॅरॅमल, तेलकट कागदात गुंडाळून. चार दिवस आधी फज. तीन दिवस आधी आईसक्रीमचं मिश्रण, दोन दिवस आधी यंत्रात.

कढईतळ

उत्तम. आईसक्रीम उथळ, लहान डब्यांत भरा, पृष्ठभागाला कागद चिकटवून, फ्रीझरच्या आतल्या बाजूला. दारात ठेवलं तर दर उघडझापीला थोडं वितळतं, परत गोठतं, आणि तेव्हाच बारीक कण मोठे होतात. अठरा जणांना एक मोठा डबा वारंवार आतबाहेर करण्यापेक्षा तीन लहान डबे बरे. वितळून तासन्‌तास बाहेर राहिलेलं मात्र परत गोठवू नका, पोट बिघडेल.

सायसाखर (सोळा दिवसांनी)

सगळे काल परत गेले. आधी सांगते, फजची पहिली खेप पुन्हा बिघडली. ६५ अंशांवर धीर सुटला आणि घोटायला घेतलं. काकूंनी सांगितल्याप्रमाणे पाणी घालून परत आटवला. या वेळी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि मी बाहेर फिरायला गेले, म्हणजे हात लागायलाच नको. पाऊण तासाने ४८ अंश. घोटताना बाराव्या मिनिटाला चकाकी गेली, डोळ्यांदेखत. कापल्यावर सुरीला एक कण लागला नाही. सासूबाईंनी तुकडा तोंडात ठेवला आणि काही न बोलता दुसरा उचलला.

आईसक्रीम तर मलाच खरं वाटेना. मीठ-बर्फाची बादलीही मुलांसाठी केली, पाच जणांनी आळीपाळीने डबा फिरवला, पंचवीस मिनिटं. ते जरा जास्त मऊ राहिलं, पण सगळ्यात आधी तेच संपलं.

कडक गोळ्या मात्र दोन दिवसांत चिकट झाल्या. त्या दिवशी पाऊस होता आणि मी ऐकलं नाही.

आता एकच प्रश्न. पिवळे वापरले, त्यामुळे फ्रीझरमध्ये दहा अंड्यांचे पांढरे पडून आहेत. त्यांचं काय करू?

गोळीबंद

सायसाखर, वाचून इतकं बरं वाटलं! दुसऱ्या तुकड्याचं तर फारच.

पांढरे चांगले गोठवून राहतात. रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्या, मग खोलीच्या तापमानाला आणून कडक शिखरं येईपर्यंत फेटा. १२७ अंशांचा पाक त्यात बारीक धारेने, यंत्र चालू ठेवून ओतायचा, आणि चकाकी जाईपर्यंत फेटत राहायचं. चमच्याने थापून ठेवले की पांढरे ढग तयार. दोन पांढऱ्यांना ५०० ग्रॅम साखर, १२० मिली ग्लुकोज, १२० मिली पाणी. फक्त पाऊस नसलेला दिवस बघा.